फळ्यावरचा हुकूम

“हे मी म्हनतोय का? मी म्हनतोय का हे?” आसारामनं भाकरीचा तुकडा ताटात आपटला. “हुकूमच तसा आलाय! मी आपला फळ्यावर लिव्हनारा मानूस. आलं तसं लिव्हलं.”

“आन घरी येऊन तसंच सांगितलं?” चुलीपुढून लंकाबाईनं विचारलं. मान वळवली नव्हती. तव्यावरची भाकरी तिनं उलथली आणि कडेनं बोटं फिरवली.

“म्हंजी?”

“म्हंजी काय न्हाई. पुन्यांदा सांगा, काय आलं?”

“सतरांदा सांगून झालं. जी बाई नवऱ्याच्या घरी नांदती, त्याच्या मर्जीत ऱ्हाती, तीच सुखी. जी त्याला सोडून हिंडती, तिचा जल्म फुकाट. झालं समाधान?”

“आजच आलं हे?”

“आज सकाळी.”

“पुणतांब्याची मान्सं परवा पोरगीला न्यायला येनार, आन आज नेमकं हेच आलं.”

“मग? तेच तर म्हनतोय मी! याला योग म्हनत्यात.”

“लंके, वाद घालू नगं,” दाराशी सुपारी कातरत बसलेल्या रंगुबाईनं सुनेला दटावलं. “देवाचं बोलनं हाय. कुनाच्या का देवाचं असंना.”

आतल्या खोलीत त्यांची लेक वृषाली तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज मघाशीच थांबला होता.

आसाराम पेंटर होता. नगरहून पुण्याकडं जाताना केडगावच्या अलीकडं ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका सरदारजींचं गॅरेज होतं, तिथं. फाळक्यावर मोर, कमळं, मालकाच्या पोरांची नावं, खाली लाल अक्षरांत हॉर्न वाजवायची विनंती. हात चांगला होता त्याचा. गॅरेजच्या मागं सरदारजींच्या वडिलांनी बांधलेला लहानसा गुरुद्वारा होता. तिथं रोज पहाटे ग्रंथ उघडायचे. ठरवून नाही, हाताला येईल ते पान. त्या पानाच्या माथ्यावर जे पद असेल तो त्या दिवसाचा हुकूम. तो बाहेर फळ्यावर लिहून ठेवायची पद्धत होती. ग्रंथ वाचणारे ग्यानीजी पंजाबी अक्षरांत लिहीत, पण येणाऱ्यांत सिंधी होते, दोन-चार मराठी घरं होती, म्हणून सरदारजींनी आसारामला सांगितलं, “तू आपल्या अक्षरांत लिहीत जा.” ग्यानीजी सांगत, अर्थ समजावत, आसाराम लिहीत असे. मग भाकरी खायला घरी येऊन तो अर्थ घरात वाटत असे.

सुरुवातीला लंकाबाईला ते बरंच वाटलं होतं. उठल्या उठल्या घर डोक्यावर घेणारा माणूस आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून गुमान बाहेर पडायला लागला, हे काय कमी होतं? पण हळूहळू तिच्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. तिचा भाऊ आदिनाथ चार दिवस राहायला आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हुकूम आला की नातीगोती खोटी असतात. तिनं नव्या लुगड्याचं नाव काढलं, तर हुकूम आला संतोष धरावा. आसारामचं मटणावर मन गेलं त्या आठवड्यात मात्र संतोषाचं काही आलं नाही.

“आपल्या घरातली एवढी बित्तंबातमी त्यांच्या देवाला देतं तरी कोन?” तिनं एकदा विचारलं होतं. आसारामनं त्यावर डोळे मिटून मान हलवली होती. अडाण्यांना माफ करणाऱ्या माणसासारखी.

संशय हा लंकाबाईचा स्वभावच होता, आणि तिला त्याची लाज नव्हती. पाथर्डीच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातलं तिचं माहेर. दिवाळी झाली की आई-बाप बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीला निघायचे. लहानपण कारखान्याच्या आवारातल्या पाचटाच्या कोप्यांमध्ये गेलेलं. तिथल्या दुकानात बाजरी घ्यायला गेल्यावर आई तिच्या कानात सांगायची, “काट्याकडं बघू नगं, त्याच्या अंगठ्याकडं बघ.” तेव्हापासून लंकाबाई अंगठ्याकडं बघत आली. खानावळीसाठी भाकऱ्या थापायची, तर बाजरी दातांखाली चावून, पीठ नाकाशी धरून मगच पोतं घरात घ्यायची. दूधवाला तिच्या दारात आला की आपणहून झाकण उघडून दाखवायचा.

सगळ्या जगाचा अंगठा बघणाऱ्या या बाईनं चार महिन्यांत एक गोष्ट तेवढी बघितली नव्हती.

वृषाली सासरहून, पुणतांब्याहून आली ती दुपारच्या एसटीनं, एकटी. हातात कापडी पिशवी. एका पायात तिची स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची तरी मोठी, टाचेला झिजलेली. “असंच आले,” म्हणाली. आसारामनं शेजारीपाजारी सांगितलं, राहायला आली आहे. लंकाबाईनं त्या दोन चपला उचलून बाजेखाली सरकवल्या, आणि पोरीला जेवायला वाढलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आल्यावर काहीतरी करावं लागलं असतं. ते आज करू, उद्या करू म्हणताना चार महिने गेले.

आता जावई आणि व्याही शनिवारी येणार होते. तसा निरोप आला आहे, असं आसारामनंच सांगितलं होतं.

“माझं ऐक,” रंगुबाई म्हणाली. तिचा राग निवला की ती गावाकडची गोष्ट काढायची. “तुझ्या लग्नाच्या येळी मी भैरोबाला कौल लावला हुता. पयला कौल डावा आला. मग म्या पुन्यांदा लावला. पुन्यांदा डावा. तिसऱ्यांदा उजवा आला, मगच तुला करून घेतली. देवाला इचारून क्येलेलं काम कदी वाया जात न्हाई.”

“तीनदा लावला?” लंकाबाईनं पहिल्यांदाच मागं वळून बघितलं.

“मग? उजवा येईस्तवर लावायचा असतोय.”

“आन हे तुमच्या लेकाला ठाऊक हाय?”

“ठाऊक नसायला काय झालं? त्यानंच फुलं आनली हुती.”

 भाकरीला पदर सुटेपर्यंत लंकाबाई आसारामच्या तोंडाकडं बघत राहिली. आसाराम घाईनं हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर तिनं खानावळीच्या भाकऱ्यांची दुरडी पोचवली आणि घराकडं वळायच्या ऐवजी गॅरेजच्या मागच्या बोळात शिरली.

फळा दारालगतच होता. आसारामचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं. ट्रकच्या फाळक्यासारखं, प्रत्येक वेलांटीला शेपूट फुटलेलं. कोपऱ्यात खडूनं एक कमळही काढलेलं होतं. ते नक्की ग्रंथातलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या लंकाबाईला अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. तिनं ओळी दोनदा वाचल्या. नवरा, घर, नांदणं असलं काही दिसलं नाही. बरोबर, तो कालचा हुकूम होता. कालचा पुसला गेला होता.

“बहेनजी, आत या,” ग्यानीजी दारात उभे होते. काळी पगडी, पोटापर्यंत पांढरी दाढी. तीस वर्षं नगरला काढून त्यांचं मराठी जेमतेम रुळलेलं होतं. “पाय धुवा. डोकं झाका.”

“झाकलेलंच हाय,” लंकाबाई म्हणाली. तरी तिनं पदर आणखी पुढं ओढला.

आत गारवा होता. चांदव्याखाली, उशांवर, जरीच्या रुमालाखाली ग्रंथ. त्याच्या मागं बसून एक म्हातारी सरदारीण चवरी ढाळत होती, हळूहळू, पाळणा हलवावा तशी. लंकाबाई भिंतीला टेकून बसली आणि सवयीप्रमाणे सगळीकडं बघून घेतलं. दानपेटी कुठं आहे, कुणाचं लक्ष तिकडं आहे. कुणाचंच नव्हतं.

“पोथीला उकडतंय व्हय?” तिनं दबक्या आवाजात विचारलं.

ग्यानीजी हसले. “नाय. आम्ही त्याला राजा म्हणतो. राजाची सेवा. आणि चवरी हातात असली की हात दुसरं काय करत नाय. कुणाला मारत नाय.”

या शेवटच्या वाक्यानं लंकाबाई सावध झाली. हा माणूस काही जाणून बोलतोय की असंच?

“मी आसाराम पेंटरची मालकीण,” ती म्हणाली.

“अरे! आसारामभाई!” ग्यानीजींचा चेहरा खुलला. “चांगला माणूस. मुलगी जाणार ना उद्या? काल तो एवढा खूश होता! चार दिवस रोज विचारत होता: ग्यानीजी, आज नवऱ्याच्या घराचं काय आलं का? मी म्हटलं, आसारामला गोडी लागली. ती पदं आहेत आमच्यात, खूप आहेत. आज नाय तर उद्या येतात.”

 लंकाबाईनं आवाज तसाच ठेवला. बाजरीचा भाव विचारावा तसा.

“आदीच्या दिवसांत काय काय आलं?”

“सोमवारी आलं की जो दुबळ्याला पिळतो त्याची पूजा पोचत नाय. मंगळवारी आलं, खोट्याची सोबत सोड. बुधवारी...” ग्यानीजींनी दाढीवरून हात फिरवला. “बुधवारी आलं की भीती सोड. ते लिहून आसारामभाई न बोलता गेला. कमळ पण काढलं नाय.”

“यातलं एक बी घरी आलं न्हाई,” लंकाबाई म्हणाली.

ग्यानीजींना कळायला थोडा वेळ लागला. ती मग सगळं बोलली. कौल, उजवा आणि डावा, रंगुबाईचा भैरोबा. ऐकता ऐकता ग्यानीजींचं हसू मावळलं.

“नाय, नाय. हा कौल नाय बहेनजी. कौलात तुम्ही विचारता, देव बोलतो. इथं उलट आहे. शब्द विचारतो. तू कोण, तू खरा की खोटा. बोलायचं तुम्ही. आणि प्रत्येकानं आपलं. दुसऱ्याच्या मुलीचं नाय, आपल्या मुलीचं पण नाय.”

“मग ते नवऱ्याच्या घरचं?”

“तो नवरा म्हणजे वाहेगुरू. वर बसलेला एकच. बाकी आपण सगळ्या बायका.”

“सगळ्या?”

“सगळ्या. मी पण.”

लंकाबाईनं त्यांच्या पोटापर्यंतच्या दाढीकडं बघितलं. “तुमी?”

“मी. सरदारजी पण. तुमचा आसाराम पण.”

कपाळाला मुंडावळ्या बांधलेला, हातात हिरवा चुडा भरलेला आसाराम तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चवरी ढाळणाऱ्या म्हातारीनं तिच्याकडं वळून बघितलं, आणि तीही गालात हसली. पण हसू ओसरल्यावर लंकाबाईचा जुना संशय परत जागेवर आला.

“हे बी तुमीच सांगताय,” ती म्हणाली. “त्यांनी त्यांच्या सोयीचं सांगितलं. तुमी तुमच्या सोयीचं सांगत नसाल कशावरनं?”

ग्यानीजी रागावले नाहीत. “खरं आहे. म्हणून तर आमच्यात दहा गुरू झाले आणि दहावे म्हणाले, आता माणूस गुरू नाय. आता शब्द गुरू. माणसाला पोट असतं, जावई असतो, अब्रू असते. शब्दाला नसते.”

“सांगनाऱ्याला असती की.”

  ग्यानीजींनी मान हलवली. “असते. म्हणून स्वतः ऐकायचं. सगळ्यात मोठं काम तेच. बोलणं सोपं. मी तीस वर्षं बोलतो, ऐकणं मला पण अजून जमत नाय.” मग त्यांनी काहीतरी आठवून कपाळाला हात लावला. “आणि मी अरदासमध्ये, प्रार्थनेत, मुलीचं नाव घेतलं. आसारामभाई म्हणाला, जावयाला मीच बोलावलंय, मुलगी खुशीनं चाललीय. म्हणून घेतलं.”

“त्यांनीच बोलावलंय?”

“असंच म्हणाला.”

लंकाबाई उठली नाही. ग्यानीजी ग्रंथापुढं जाऊन बसले आणि वाचायला लागले. ती ऐकत राहिली. एकही शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, त्यामुळे त्यात कुणाचा अंगठा शोधायलाही जागा नव्हती. नुसता आवाज येत होता आणि जात होता. तिला आठवलं की आपण असं नुसतं, उत्तर न शोधता, कुणाचं शेवटचं कधी ऐकलं? आईचं, बहुतेक. कोपीत. त्यानंतर जो बोलेल त्याच्या तोंडाकडं न बघता ती त्याच्या हाताकडंच बघत आली. आणि वृषाली तर बोललीच नव्हती. तिच्याबद्दल आसाराम बोलला, रंगुबाई बोलली, फळा बोलला.

निघताना प्रसाद म्हणून हातावर मिळालेला शिरा तिनं तिथंच खाल्ला. चांगल्या तुपातला होता. तेवढं तिनं तपासलंच.

घरी आली तर रंगुबाई शेजारी गेलेली. वृषाली आतल्या खोलीत पिशवी भरत होती. तीच, कापडी. लंकाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. बाजेखाली हात घालून तिनं त्या दोन चपला बाहेर काढल्या आणि दोघींच्या मध्ये ठेवल्या.

“ही मोठी कुनाची?”

वृषालीनं चपलेकडं बघितलं. “सासूची.”

 लंकाबाईच्या जिभेवर आलं होतं, मग, पुढं, का गं, असं कसं. ते सगळं तिनं गिळलं आणि बसून राहिली. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेले. वृषाली पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

“पाण्याहून यायला उशीर झाला की तुझे जावई वास घ्यायचे,” वृषाली अखेर म्हणाली. “माझ्या केसांचा. पदराचा. कुनाशी बोलली, कुठं थांबली. मग खताच्या खोलीत कोंडायचे. आधी घटकाभर. मग दिवसभर.” ती थांबली. लंकाबाई हलली नाही. “शेवटच्या वेळी कोंडलं तेव्हा दाराबाहेरनं म्हणाले, आत फवारणीच्या औषधाचा डबा आहे. शहाणी असशील तर बघ. मी रात्रभर त्या डब्याकडं पाठ करून बसले, आई. सकाळी सासू गोणी न्यायला आली, तिनं दार उघडलं, तेव्हा पळाले. पायात काय आलं ते बघितलं नाही.”

“तुझ्या बापाला म्हाईत हाय?”

“आल्यावर आठ दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, कुनाला बोलू नगं, आपली अब्रू जाईल. आपण देवाला विचारू.”

लंकाबाईनं लेकीचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग उठली, पिशवीतले कपडे बाहेर काढले, एकेक करून घडी घातले आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या पत्र्याच्या पेटीत, आपल्या लुगड्यांच्या शेजारी ठेवले.

दुपारी आसाराम जेवायला आला. हातांना केरोसिनचा वास, नखांत लाल रंग. रंगुबाईही परतली होती. लंकाबाईनं दोघांना वाढलं. वृषालीलाही आज बाहेर बोलावून त्यांच्याच पंगतीला बसवलं. आसारामनं एकदा लेकीकडं आणि एकदा बायकोकडं बघितलं.

“पिशवी भरली का गं?” त्यानं लेकीला विचारलं.

“मी ग्यानीजींकडं गेल्ते,” लंकाबाई म्हणाली.

आसारामचा घास हातातच राहिला. “कशाला?”

“सोमवारचा, मंगळवारचा आन बुधवारचा हुकूम आनायला. तुमच्याकडनं वाटंत सांडला हुता.”

“हे बग, लंके...”

“डावा आला म्हनून सोडून दिला व्हय? उजवा येईस्तवर रोज जात हुता.”

“काय झालं काय?” रंगुबाईनं एकाकडून दुसऱ्याकडं बघितलं. “कसला डावा?”

“तुमच्या लेकाला इचारा, आत्याबाई. जावयाला निरोप कुनी धाडला ते बी इचारा. आन पोरगी खताच्या खोलीत कुनी कोंडली हुती, ते यांना कवापासनं ठाऊक हाय, ते बी.”

रंगुबाईच्या हातातली भाकरी ताटात पडली. तिनं नातीकडं बघितलं. वृषालीनं मान खाली घातली नाही. आसाराम काहीतरी बोलायला गेला, आणि त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, “पन कालचा हुकूम तरी खरा आलाच हुता ना? तो काय मी लिव्हला मनानं?”

“खरा हुता,” लंकाबाई म्हणाली. “तो तुमाला बी हाय, मला बी हाय. ग्यानीजींनी सांगितलं, नवरा वरचा एकच, आन आपन समदी नांदनारी. तवा तुमी नांदा नीट.”

तिनं आमटीची पळी खाली ठेवली.

“वृषाली पुणतांब्याला जानार न्हाई. उद्या ती मान्सं आली तर मी त्यांना च्या देईन आन तीच चप्पल हातात देऊन माघारी लावीन. पोरगी हितंच ऱ्हानार.”